सातव्या जागेवरच्या पिशव्या

अवसरी बुद्रुक
बुधवार, दुपार

प्रिय सुनील,

हे पत्र दुधाच्या टेम्पोवाल्या दादाभाऊंच्या हाती देते आहे. फोन केला असता, पण आमच्याकडे फोन आला की सासूबाई तो स्पीकरवर ठेवायला लावतात आणि मग सगळं घर बोलतं, मी सोडून.

सूरजने सात जणांची गाडी घेतली, तुला माहीत आहेच. शनिवारी सगळे ताम्हिणी घाटाने दिवेआगरला निघणार आहेत, समुद्रावर चार दिवस राहतील. मी नेहमीप्रमाणे घरी. सामान भरणं माझ्याकडे आहे, तेही नेहमीप्रमाणे. मामंजींच्या बीपीच्या गोळ्या मी मोठ्या बॅगेत कधीच टाकत नाही. बॅग डिकीत जाते आणि गोळीची वेळ झाली की भर घाटात सगळं उपसावं लागतं. त्या हाताशी राहणाऱ्या पिशवीत. त्याच पिशवीत ओव्याची पुरचुंडी, आवळकाठी, लिंबं, मीठ-साखरेच्या पुड्या आणि कुणाला उलटी झालीच तर जाड पिशव्या. सासूबाईंच्या कमरेला छोटी उशी, गुडघ्याला पट्टा. दुधातल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, तीही कमी तिखट, कारण तुझे दाजी घाटात तिखट खातात आणि मग सोडा शोधत फिरतात. पाणी घरच्या विहिरीचं, उकळून गार केलेलं. बाहेरचं पाणी बाधलं की चार दिवसांची सहल दोन दिवसांत आटोपते.

कुठेही न जाता मला हे कसं कळतं, असं तू विचारशील. पिशव्या परत आल्या की त्या मीच रिकाम्या करते. काय संपलं, काय तसंच राहिलं, टॉवेल कशाने माखला, यावरून कोणाला काय झालं ते समजतं. एकदा सगळे अलिबागला जाऊन आले तेव्हा पिशवीच्या तळाशी वाळू होती. मी ती ओट्यावर झटकली आणि मग बराच वेळ केरसुणी हातात घेऊन उभी राहिले. वाईट वाटलं होतं. शेवटी झाडून टाकली.

मला गाडी लागते, हे आता या घरात सूर्य उगवण्याइतकं पक्कं झालं आहे. लग्नानंतर पहिल्याच वर्षी चुलतनणंदेच्या लग्नाला जीपने निघालो होतो. माळशेज घाटात मला उलट्या सुरू झाल्या त्या कल्याण येईपर्यंत. त्याच वर्षी सूरज झाला. पण या दोन गोष्टी कुणी शेजारी ठेवून पाहिल्याच नाहीत, मीही नाही. पुढे गाडी निघाली की मला गाडी लागते हे ठरलेलंच असायचं, आणि गोठ्यात धारेलाही कुणीतरी लागायचंच. लहानपणी शिनोलीहून भीमाशंकरला जीपच्या मागच्या फळीवर उलट्या तोंडाने बसून जायचो तेव्हा ओकायचास तू. तुझा सदरा ओढ्यावर धुवायचे मी.

गेल्या आठवड्यात सूरज नव्या गाडीतून सूनबाईला, वृषालीला, नारायणगावला घेऊन गेला. येताना तिला दोनदा उलटी झाली. घरी येऊन पोरगी पांढरीफटक बसली होती. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हिला बी गाडी लागती. ऱ्हाऊ द्या दोघींना घरी, गुरांचं बी व्हईल." वाईट मनाने नाही म्हणाल्या. सूरज गाडीच्या काचा पुसत राहिला.

दुसऱ्या दिवशी मीच वृषालीला मंचरला डॉक्टरीणबाईंकडे नेलं, दुधाच्या टेम्पोतून, कॅनांना टेकून. मला काही झालं नाही. ती मात्र वाटेत एकदा ओकली. तिला दिवस गेलेत, सुनील. तू मामाचा आता आजोबा होणार. बाई म्हणाल्या, तब्येत चांगली आहे, खुशाल जाऊ दे, फक्त तासा-दीडतासाने गाडी थांबवा, पाय मोकळे करू द्या, उपाशी ठेवू नका. घरी सगळ्यांनी पेढे खाल्ले. पण शनिवारी कोण जाणार आणि कोण राहणार, ते जे ठरलं होतं ते तसंच राहिलं. वृषाली मला म्हणाली, जाऊ द्या आई, मला काय, तुमच्यासोबत बरं वाटेल. मीही तेव्हा अगदी असंच म्हणाले होते, आणि मला माझाच राग आला.

म्हणून लिहिते आहे. तू गाई विकल्यास, पण हात विसरले नसतील. शुक्रवारी संध्याकाळी ये आणि मंगळवारपर्यंत राहा. चार गाई आहेत, तीन गरीब आहेत. मधली मात्र माझ्याशिवाय पान्हा सोडत नाही. तिच्यासाठी माझी जुनी हिरवी साडी गोठ्यातल्या खुंटीला लावून ठेवली आहे, ती डोक्यावरून घे आणि तोंडाने काही बोलू नकोस. हसू नकोस, शेजारचे गेणभाऊ बायको माहेरी गेली की असंच करतात. या नव्या गाडीतही सातव्या जागेवर माझ्या भरलेल्या पिशव्याच बसायच्या होत्या. गोळ्यांची हाताशी ठेवून बाकीच्या टपावर बांधायच्या, असं मी सूरजला सांगितलं. का, ते अजून सांगितलेलं नाही. खिडकीशी वृषाली बसेल आणि तिच्या शेजारी मी. माझी दोन पातळं मामंजींच्या धोतराखाली घालून ठेवली आहेत. तू आला नाहीस तर आम्ही दोघी मागे राहू, आणि मी गेल्यावर पुढे ती एकटीच अशी घरी राहत जाईल. उत्तर पाठवू नकोस, तू स्वतः ये.

गाडी न लागणारी
तुझीच ताई,
प्रतिभा