गालिच्याखालचा पूल

मंगळवार, ९ मार्च
संध्याकाळ

प्रिय दादा,

नमस्कार. मी बरी आहे. वहिनीने विणलेला स्वेटर मिळाला. बाह्या लांब आहेत, पण ऊब आहे. चिमणीचा हलणारा दात पडला का?

पत्र पाहून हसशील. पण फोनवर तू प्रश्न विचारतोस. पत्रात मला बोलू देशील.

गेल्या आठवड्यात तू अंधांसाठीच्या आमच्या संस्थेच्या फाटकाशी उभा होतास. म्हणालास, "फक्त हो की नाही सांग. बांधकाममंत्री तुझ्याकडे येतात ना?" मी म्हटलं, "उद्या त्यांचं पोट बिघडलं तर तेही छापशील?" तू म्हणालास, "डोळे त्यांचे असतील, खुर्ची आम्हा लोकांची आहे." मी तुझ्या तोंडावर फाटक लावलं. लहानपणी तू माझ्या तोंडावर लावलेल्या दारांपैकी एक वसूल झालं समज.

हो, येतात. आज दुपारी त्यांनी स्वतःच ते सांगितलं, म्हणून मी लिहू शकते. तुझ्या वर्तमानपत्राच्या कचेरीत लोकांनी काढलेली ती चित्रफीत एव्हाना पोहोचली असेल. तिच्यात काठी धरलेल्या माणसाच्या पुढे जी बाई दिसते ती मी.

माझं काम तुला कधी नीट सांगितलं नाही. नजर गेलेल्यांना मी पांढऱ्या काठीने चालायला शिकवते. ज्यांना थोडं दिसतं त्यांच्या डोळ्यांवर शिकताना पट्टी बांधतो. उरलेली नजर दगा देते, काठीवर भरवसा बसू देत नाही. आणि आम्ही कुणालाही धरत नाही. ते आमचं कोपर धरतात. आम्ही अर्धं पाऊल पुढे असतो, इतकंच.

मंत्रीसाहेब चांगले विद्यार्थी नव्हते. काठी कशालाही लागली की थांबायचे आणि हात पुढे करून म्हणायचे, "काय, घरी सगळे बरे?" एकदा मी सांगितलं, "साहेब, ते कपाट आहे." ते म्हणाले, "असू दे, बाई. मत कुणाचंही चालतं." आम्ही दोघेही हसलो. तेव्हा मला ते आवडायला लागले होते. हे लिहायला हवं.

मग त्यांनी नदीवरच्या जुन्या पुलाची पाहणी केली. तू बातमी छापलीस. "मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. पूल ठणठणीत आहे." त्यांना हातभर अंतरावरचा माझा चेहरा दिसत नाही. मी बातमी दोनदा वाचली. दुसऱ्या दिवशी कामाला जाताना त्याच पुलावर चिमणीच्या शाळेची बस माझ्या शेजारून गेली. चिमणीने काचेला नाक चिकटवून मला ओळखलं आणि हात हलवला.

पुढच्या धड्याला मी विचारलं, "पूल पाहिलात?"

"अभियंते म्हणाले, ठीक आहे."

"तुम्ही पाहिलात का?"

त्यांनी काठीची मूठ चोळली. मग म्हणाले, "गालिचा अंथरला होता, बाई. चालायला फार सोपं गेलं." आणि थोड्या वेळाने, "पुढचा धडा तिथे घ्या."

आज गेलो. त्यांनी अंगरक्षकाला गाडीतच बसवून ठेवलं. डोळ्यांवर पट्टी, हातात काठी. कुणी ओळखलं नाही. पुलाच्या कडेच्या पायवाटेवरून ते कठड्याच्या अंगाने चालत होते. मध्याच्या थोडं अलीकडे काठीचं टोक खाली गेलं. त्यांनी ते काढलं, पुन्हा टाकलं. पुन्हा गेलं. ते गुडघ्यांवर बसले आणि फटीत हात घातला. मनगटापर्यंत गेला. "पुढचा भाग खाली आहे," ते म्हणाले. "चार बोटं तरी खाली."

तेवढ्यात एक ट्रक गेला. त्यांनी हात झटक्यात बाहेर काढला. बोटांची सालं निघाली होती.

"हे मिटतं, बाई," ते म्हणाले. "हे जबड्यासारखं मिटतं."

मी त्यांना उठवायला वाकले. ते आधीच उठले होते. म्हणाले, "आपण मागे जाऊ. पुलाच्या तोंडाशी. रस्त्याच्या मधोमध." आणि त्यांनी माझं कोपर धरलं. दादा, न जाणं माझ्या हातात होतं. नुसतं उभं राहिलं असतं तरी पुरे होतं. मी चालू लागले.

एक ट्रक कचकन थांबला. ड्रायव्हर ओरडला, "ओ आजोबा! मरायचंय का?"

"पूल बंद आहे."

"कुणी केला?"

"मी. मी बांधकाममंत्री आहे."

"वा! आणि मी पंतप्रधान!" मागची माणसं हसली. भोंगे वाजत होते.

तेव्हा त्यांनी पट्टी काढली. त्यांना तिने काही फरक पडत नव्हता. बाकीच्यांना पडला. हसू मागे मागे विरत गेलं. जो चेहरा सगळ्यांनी भिंतींवर पाहिला होता तो आता कुणाकडेच पाहत नव्हता. खाली काठी होती. भोंगेही थांबले.

ते म्हणाले, "मी हा पूल पाहिला असं सांगितलं. मला दिसत नाही. आज हात घालून पाहिला. कुणी पुढे जाऊ नका."

ड्रायव्हर खाली उतरला नाही. त्याने ट्रक हळूहळू वळवला आणि रस्त्याला आडवा लावला. रांगेत पाचसहा गाड्यांमागे चिमणीच्या शाळेची पिवळी बस उभी होती. मी तिच्या काचांमध्ये चिमणीचं नाक शोधलं.

एक गोष्ट मी वर गाळली. पूल पाहिलात का असं विचारलं त्या दिवशी मी आणखीही बोलले होते. म्हटलं होतं, "तुम्ही सांगितलं नाहीत तर मी माझ्या भावाला सांगेन." माझ्या कामात हे बोलायची मुभा नाही. संस्थेत उद्या मी ते स्वतः सांगणार आहे. तुला हवं तर छाप. पण मी त्यांना पुलाच्या तोंडाशी उभं राहायला सांगितलं नव्हतं, पट्टी काढायलाही नाही. कचेरीत बसून दोन ओळींचं पत्रक काढता आलं असतं. ते माणसांसमोर उभे राहिले. मी अर्धं पाऊल पुढे होते, तरी मला ते दिसले. ते कसं होतं हे मला अजून नीट लिहिता आलेलं नाही.

आता तू विचारशील, कधीपासून? कोणता आजार? घरात कोणकोण जाणून होतं? त्याचं माझं उत्तर एवढंच.

पोलीस आल्यावर साहेब त्यांच्या गाडीत बसले आणि म्हणाले, "बाई, चला माझ्याबरोबर. लवकर. बायकोला माहीत नाही." सगळ्या शहराला कळलं होतं, आणि तिला नाही. आम्ही बातमीच्या पुढे धावत होतो. त्यांच्या गाडीच्या ड्रायव्हरने भोंगा लावला. त्यांनी बंद करायला सांगितला.

घराशी पोहोचलो. मी पायऱ्यांपर्यंत नेलं. दार उघडं होतं. ती आतून येत होती, हात पुसत. तिची नजर आधी काठीवर गेली. त्यांनी माझं कोपर सोडलं.

तिथून पुढचं मला दिसत होतं, दादा. मी पाठ वळवली.

तुझी धाकटी,
जिला पुलाबद्दल काहीही विचार