मे महिन्यातला मका

एल्म ग्रोव्ह, आयोवा
१२ जानेवारी १९८४

चि. आल्विन यास इंगाताईचे अनेक आशीर्वाद.

शेजारच्या राज्याचा गव्हर्नर झालास, आता राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा आहेस, तरी मला तू चि.च. इथे नळ गोठलेत, बाकी ठीक.

मंगळवारी शाळेत तुझं भाषण ऐकलं. बाबा ट्रॅक्टरखाली सापडले तेव्हा बारा वर्षांचा तू डोक्याएवढ्या मक्यातून मैलभर धावत मदत आणलीस म्हणे! अरे शहाण्या, मे महिन्यात मका घोट्याला तरी लागतो का? मागच्या बाकांवरचे शेतकरी तोंडापुढे टोप्या धरून हसत होते. धावले मी. तू कोठारात कान झाकून बसला होतास. चाळीस वर्षं मी हे कुणाला बोलले नाही.

वीस फेब्रुवारीला पक्षाचा उमेदवार निवडायची गावसभा. प्रत्येक उमेदवाराला एक कोपरा; आपल्याला हवा त्याच्या कोपऱ्यात सगळ्यांदेखत उभं राहायचं. बहीण कुठे उभी राहते ते गाव बघणारच. खोट्याच्या बाजूला मी उभी राहायची नाही.

माया आहे म्हणून खरमरीत लिहिलं.
इंगा

२१ जानेवारी

ती. इंगाताईस सा. न. वि. वि.

भाषणं लिहिणारा म्हणतो, लोक आधी माणसाचं बालपण बघतात. एकदा खोटं सांगितलं, टाळ्या पडल्या. पुढे मलाच ते खरं वाटायला लागलं. कोठारात लपलेल्या पोराच्या हाती देश कोण देईल? तू नुसती गप्प राहून माझ्या कोपऱ्यात ये.

रागाव, पण लोभ आटू देऊ नकोस.
आल्विन

३० जानेवारी

चि. आल्विन यास आशीर्वाद.

पुराच्या वर्षी तू तीन दिवस बांधावर वाळूची पोती उचललीस. सल्लागार घरी जा म्हणत होते, तू हलला नाहीस. एकदा लपला होतास, पुन्हा लपायचं नव्हतं तुला; ते मला टीव्हीसमोर बसल्या बसल्या कळलं आणि रडू आलं. कोठारातल्या त्या पोराला मी ओळखते, त्याला मत देईन. मक्यातला पोरगा माझ्या ओळखीचा नाही.

जेवत जा वेळेवर.
इंगाताई

२१ फेब्रुवारी

चि. आल्विन यास आशीर्वाद.

शुक्रवारी तू व्यासपीठावरून खरं सांगितलंस. कुणी हसलं नाही, टाळ्याही नाहीत.

कालच्या सभेला ऐंशी माणसं होती. कोपरा टिकायला निदान बारा लागतात. तुझ्या कोपऱ्यात माझ्यासकट नऊ. सभेच्या अध्यक्षांनी नियम वाचला, की कमी पडलेल्यांनी दुसऱ्या कोपऱ्यात जावं, नाहीतर घरी. बाकीच्या तिन्ही कोपऱ्यांतून ‘आमच्याकडे या’ अशा हाका येत होत्या. आम्ही नऊही जणांनी कोट चढवले आणि घरी गेलो.

तुझी,
इंगाताई