जागच्या जागी रनिंग

४ जाने.
गाडीचं सामान आलं. पिस्टन-रिंग ७,८००, गॅस्केट १,९५०, बेअरिंग २,४००, ऑइल १,६००. पंधरा वर्षं झाली गाडीला. इंजिन नवं केल्याशिवाय आरटीओचं पासिंग होणार नाही, असं आमचे नेहमीचे मेकॅनिक इस्माईलभाई म्हणाले. आमच्या लेकीच्या, शालूच्या लग्नात नवरा-नवरी ह्याच गाडीत होते, आणि चालवायला हेच इस्माईलभाई.

१२ जाने.
गाडी घरी आली. इस्माईलभाई ह्यांना बरंच काही बजावत होते. मी नारळ फोडायच्या गडबडीत. कानावर आलं ते एवढंच, "साब, पासिंग के पहले रनिंग करना."

१४ जाने.
संक्रांत. ह्यांना ऑफिसने आठ दिवस नाशिकला धाडलं. निघताना हळहळले, "रनिंग राहिलं गं."

१५ जाने.
पूजा आटोपून खाली गेले. मला चालवता येत नाही, पण चालू करता येते. गिअर मोकळा, किल्ली फिरवली. एक माळ जप होईस्तो इंजिन चालू. तेवढंच रनिंग.

१९ जाने.
रोज करतेय. आज दोन माळा. तळमजल्याच्या शहाभाभी म्हणतात, "भाभी, गाडी को भी दीक्षा दिया क्या?" हसले. ह्यांना आल्यावर सांगेन, खूश होतील.

२५ जाने.
हे रजा टाकून रोज गाडी लांब नेतायत. मागून निळा धूर. चिडलेले. आज नको सांगायला.

३० जाने.
नापास. तपासणाऱ्यांनी धूर बघूनच परत पाठवलं, ऑइल जळतंय म्हणे.
संध्याकाळी ह्यांनी इस्माईलभाईंना घरी बोलावलं. त्यांनी बॉनेट उघडून पाहिलं, वर आले, म्हणाले, "पिस्टन की नई रिंग गाड़ी सड़क पे चलाने से बैठती है. खड़ी-खड़ी चलाओ तो कभी नहीं बैठती. रोज़ किसी ने खड़ी चालू रखी थी क्या?"
हे म्हणाले, "कोण ठेवणार? मी नाशिकला होतो, गाडी बंद होती. विचारा हिला."
माझ्या हातात चहाचा ट्रे. मी मान हलवली. होकार की नकार, मलाच ठाऊक नाही. ह्यांना हवा तो अर्थ मिळाला.
"हात थरथरतात तुझे आता. बंद कर दुकान!" हे इस्माईलभाईंवर ओरडले.
"साब, हाथ काँपते हैं. काम नहीं काँपता."
चहा तसाच राहिला. देवासमोर बसले, पण माळ हातात घेववेना.

३ फेब्रु.
गॅरेजला कुलूप. शेजारचा पंक्चरवाला म्हणाला, "चाचा गाँव गए. बोले, अब नहीं करूँगा." गावचा पत्ता लिहून घेतला. मोबाइल लागत नाही.
इकडे हे गाडी भंगारात काढायला निघालेत. भंगारवाला सोळा तारखेला येणार.

५ फेब्रु.
पोस्टकार्ड टाकलं. इस्माईलभाईंना मराठी वाचता येतं. नक्कल ठेवते:
"स. न. वि. वि. गाडी रोज उभी चालू ठेवत होते ती मी. रनिंग म्हणजे तेच, असं समजले. त्या दिवशी तुम्ही विचारलंत तेव्हा बोलले नाही, हे त्याहून वाईट. तुमच्या कामात खोट नव्हती. ह्यांना अजून सांगितलेलं नाही, धीर होत नाही. पण तुम्ही आलात तर तुमच्यासमोर सांगेन, तुम्हाला ऐकायला मिळायला हवं. सोळा तारखेला हे गाडी भंगारात देतायत, त्याच्या आत याल का, येणार नसाल तरी तसं, कृपया उलट टपाली कळवावे."