महिपतची मच्छरदाणी

कोपर, ता. २४ सप्टेंबर १८८८
वही आषाढात आणलेली. रोज लिहायचं ठरवलेलं. मग बोरू मोडला, मग शाई सांडली, मग दोस्त भिवाच्या शर्यतीच्या बैलांचा सराव घ्यायचा होता. असो. आज कारण आहे. बायकोला, गोदाला, पाचवा महिना लागला. गेल्या वर्षी याच दिवसांत तिला हिवताप भरला आणि मूल पोटातच गेलं. यंदा ते होऊ देणार नाही. शपथ.

पण आमचे साडू महिपत यांना माझ्या आधी सुचलं. कल्याणला रेल्वेत आहेत. कुठल्याशा साहेबाची जुनी मच्छरदाणी घेऊन आले. म्हणे, डाक्तर सांगतो, गरोदर बाईने खाडीची रातची हवा घेऊ नये. त्यांची मालन, गोदाची थोरली बहीण, तिच्यातच झोपायची, म्हणून तापाशिवाय बाळंत झाली. झालं. गोदाचं तेव्हापासून एकच, दाजींना सुचलं, दाजींनी आणली. मी काय खाडीत पोहत होतो?

होतो. पण ते तिला ठाऊक नाही.

ता. २५
मच्छरदाणी माळ्यावर टाकली. गोदाला सांगितलं, जाळ्यात मासे झोपतात, माणसं नाहीत. ती म्हणाली, जाळ्यातला मासा निदान ठिकाणावर तरी असतो. बोलणंही बहिणीकडे शिकून आलीय.

माझा बेत पक्का. ताप येतो तो परसातल्या डबक्याच्या घाणेरड्या हवेने. थेट खाडीपर्यंत चर खणायचा. पाणी गेलं की हवा गेली, हवा गेली की ताप गेला. महिपत बघतच राहील.

ता. २६
कंबरेइतकं खणलं. भिवा आला. शहाडला कुस्त्या आहेत म्हणाला. नुसतं बघून येतो.

ता. २९
आलो. नदीकाठीच उघड्यावर झोपलेलो. मजा आली. चर उद्या.

ता. २ आक्टोबर
परतीचा पाऊस. चराचा हौद झालाय. डास फार. गोदा डोक्यावरून लुगडं घेऊन बसते आणि माळ्याकडे बघते. तिला समजावलं, डास नुसते चावतात, त्यांचा तापाशी संबंध काय?

मी बाहेर गेलेलो तेवढ्यात महिपत येऊन गेला. तापावरच्या कोयनेलची पुडी दिली, जेवणावर थोडी थोडी घ्यायला सांगितली. हौदाकडे बघून म्हणाला म्हणे, साडूभाऊ कमळं लावणार वाटतं. गोदा हसली. तिनेच सांगितलं, आणि सांगताना परत हसली. माझ्या बोलण्यावर शेवटची कधी हसलेली, आठवत नाही.

ता. ३
पुडी उचलली. ठाण्याच्या डाक्तरला दाखवून येतो, खरी आहे की खडू. नवरा मी आहे. औषध माझ्या हातचं जाईल. गोदा म्हणाली, आधी कडू तरी माझ्या तोंडात पडू द्या. बायकांना घाई फार.

रात्री
ठाण्याला तळ्यापाशी अस्वलवाला होता. अस्वल सलाम करतं. मग पाऊस. पुडी बंडीच्या खिशातच विरघळली. डाक्तर घरी गेलेले. एका परीने बरंच झालं, काय होतं त्यात कोण जाणे. गोदा खिसा उलटा करून बघत बसली. अस्वलाचं सांगितलं तरी खिसाच बघत होती.

ता. ९
हिव भरलं. मला. तीन गोधड्या घालूनही दात वाजतात. गोदाने माळ्यावरून मच्छरदाणी काढली आणि माझ्यावर बांधली. स्वतः बाहेर, जमिनीवर. महिपतने दुसरी पुडी आणली, ती मलाच पाजली. तिला विचारलं, तू घेतलीस का? म्हणाली, पुरली तर घेईन.

विचार केला. मी आत आहे म्हणजे तापही आत आहे. तो बाहेर तिच्याकडे जाणार नाही. एका परीने मी तिला राखतोच आहे. महिपतला हे सुचलं नसतं.

ता. १०
गोदाचे हात डासांनी फोडून काढलेत. जाळीतून दिसतात. आज नको होतं दिसायला. उद्या तिलाच आत घालतो. उद्या नक्की. आज उठवत नाही.

दाराशी बैलगाडी थांबली. महिपतच असणार म्हणून तोंड फिरवून पडलो. महिपत नाही. सासूबाई. लेकीला मूल झाल्याशिवाय तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही ही आमच्याकडची रीत, म्हणून लग्न झाल्यापासून त्यांनी हा उंबरा ओलांडलेला नाही. आत्ता आत आल्या, गोदाच्या हातचा तांब्या घेतला, उभ्यानेच सगळा प्यायल्या. लेकीचे हात उलटेसुलटे करून बघितले. मला बरं आहे का, एवढंही विचारलं नाही. आता पदर खोचून मच्छरदाणीच्या दोऱ्या सोडताहेत.

मी अजून आतच आहे.