वर कळवलं आहे

३ फेब्रुवारी

गुडघा आज काटकोनाच्या पुढे वाकला. तरी गुडघेवाली म्हणाली, "काकू, शाळेत महिनाअखेरीशिवाय नाही." म्हणजे अजून घरातच डांबून. माझ्या तिसरीच्या वर्गात निदान कुणी कुणाच्या पेन्सिलीचं टोक मोडलं याची तरी खबर लागते. इथे बातमी म्हणजे दूधवाला उशिरा आला.

म्हणून ही वही काढली. कुणाशी तरी बोलायला हवं.

गुडघेवाली म्हणजे यांच्या कॉलेजच्या खेळाडूंची फिजिओथेरपिस्ट. हे तिथले क्रीडा विभागप्रमुख, त्यामुळे ऑपरेशननंतर ती मला घरी येऊन व्यायाम देते. पोरसवदा आहे, बोटं मात्र पक्कडीसारखी. एरवी अखंड बडबड. आज माझा पाय हातात धरून खिडकीबाहेरच बघत बसली. शेवटी मी म्हटलं, "बाई गं, पाय माझा आहे, परत दे." हसली नाही.

निघताना म्हणाली, "सर आहेत का? दोन मिनिटं बोलायचं होतं."

यांच्या खोलीचं दार लागलं. मी वॉकर सरकवत सरकवत दारापाशी पोचेस्तोवर ती बाहेर! चोरून ऐकणंसुद्धा धडधाकट माणसालाच परवडतं.

तिचे डोळे लाल होते. यांना विचारलं, काय झालं. "काही नाही. कॉलेजचं."

४ फेब्रुवारी

"काही नाही" म्हणणाऱ्याने आज चहात मीठ घातलं आणि तो प्यायलाही.

६ फेब्रुवारी

भाऊ येऊन गेले. भाऊ म्हणजे कॉलेजचे धावण्याचे कोच. सगळेच त्यांना भाऊ म्हणतात, खरं नाव फक्त ट्रॉफ्यांवर. दर रविवारी कॉलेजच्या मैदानावर लहान मुलांना फुकट धावायला शिकवतात. यांना या कॉलेजात आणलं तेही भाऊंनीच.

माझ्या वॉकरच्या चालीची नक्कल करून दाखवली. मी इतकी हसले की टाके ओढले गेले. "वहिनी, पुढच्या वर्षी तुम्हाला शंभर मीटरला उतरवतो बघा."

हे खोलीतून बाहेर आले नाहीत. आतून म्हणाले, "फोनवर आहे, बसा तुम्ही." फोन माझ्यासमोर चार्जिंगला लावलेला. भाऊंनी तो पाहिला. मीही पाहिला.

यांचं आणि भाऊंचं काय बिनसलं असेल? पैसे? बढती? डोक्यात नुसता भुंगा.

७ फेब्रुवारी

गुडघेवालीला आज दाराशीच अडवलं. "त्या दिवशी सरांशी काय बोललीस? नाही सांगितलंस तर मी व्यायाम करणार नाही."

गंमत म्हणून म्हटलं होतं. ती पलंगाच्या कडेवर बसली आणि सांगायला लागली.

गेल्या रविवारी मुलं घरी गेल्यावर ती बर्फाची पिशवी आणायला मैदानावरच्या सामानाच्या खोलीशी गेली. दाराला आतून कडी. तिने वाजवलं. बऱ्याच वेळाने भाऊंनी दार उघडलं. मागे नऊ-दहा वर्षांची मुलगी. लाल बूट हातात, ओठ घट्ट मिटलेले, गालांवर पाणी. भाऊ म्हणाले, "पाय मुरगळला पोरीचा, मालिश करत होतो." मुलगी गुडघेवालीच्या बाजूने निघाली ती सरळ पळत सुटली.

"काकू, मुरगळलेल्या पायाने असं पळता येत नाही. आणि मालिशसाठी कडी कशाला?"

मी म्हटलं, "मग?"

"मग काय, सरांना सांगितलं. माझं कंत्राट वर्षाचं आहे, काकू. आणखी कुणाला सांगू?"

व्यायाम राहिलाच. तिच्यासाठी पाणी आणायला मीच उठले.

७ फेब्रुवारी, संध्याकाळ

दिवसभर घोळतंय. भाऊ चांगला माणूस आहे हे मला माहीत आहे. पण माहीत आहे म्हणजे काय? मला भाऊ आमच्या बैठकीच्या खोलीतले माहीत आहेत. कडी लावलेल्या खोलीतले कुठे माहीत आहेत?

८ फेब्रुवारी

हे बुटांना पॉलिश करत होते, तेव्हा विचारलं.

"तिने तुम्हाला सांगितलं. मग तुम्ही काय केलंत?"

ब्रश थांबला. "तुला बोलली का ती? मी वर कळवलंय."

"वर म्हणजे?"

"प्राचार्यांना. दुसऱ्याच दिवशी."

"आणि प्राचार्यांनी?"

"संस्थेच्या मंडळाच्या अध्यक्षांना."

"आणि अध्यक्षांनी?"

"तू काय उलटतपासणी घेतेस का?" मग म्हणाले, "भाऊंकडून खोलीची किल्ली काढून घेतलीय. कडक समज दिलीय. तोंडी."

"आणि मुलगी?"

"कोणती मुलगी?"

सोंग नव्हतं ते. त्यांना खरंच क्षणभर कळलं नाही. खोली, किल्ली, विद्यापीठाच्या स्पर्धा, कॉलेजची अब्रू, या सगळ्यावर बोलणी झाली होती. मुलगी त्यांत कुठे आलीच नव्हती.

"तिचं नाव काय? घरी कोण असतं? ती कशी आहे आता? कुणी विचारलं का?"

"नाव विचारलं की प्रकरण अधिकृत होतं," हे म्हणाले. "अजून काही सिद्ध झालेलं नाही. असल्या आरोपाने माणूस आयुष्यातून उठतो."

शाळेत आम्हाला दरवर्षी प्रशिक्षण असतं. मागे बसून मी स्वेटर विणायचे. तरी एक वाक्य डोक्यात बसलंय: संशय आला की पोलिसांना किंवा मुलांच्या हेल्पलाइनला कळवायचं, सिद्ध करणं आपलं काम नाही. साहेबांना सांगितलं म्हणजे कळवलं, असं नाही. तेही यांना म्हटलं.

"ते शाळेचं झालं," म्हणाले, आणि चकचकीत झालेल्या बुटाला पुन्हा पॉलिश लावलं.

१० फेब्रुवारी

तिसरीतली पोरं माझ्याकडे येतात, "बाई, हा मला चिमटे काढतो." तेव्हा मी "वर कळवते" म्हटलं तर? चिमटे मलाच थांबवावे लागतात. मोठ्यांच्या जगात हे "वर" कुठे असतं, कुणी पाहिलंय?

१३ फेब्रुवारी

यांचा पगार, यांचं नाव, निवृत्तीला उरलेली वर्षं. सगळ्याचा विचार करून झाला. भाऊंच्या बायकोचाही केला. लाल बुटांपाशी आलं की पुढे जाता येत नाही.

फोन उचलायला मी तरी कुठे धजावतेय? म्हणते, आधी मुलगी कोण ते तर कळू दे. सबब आहे का ही? असेलही. पण मला खरंच जाणून घ्यायचंय.

१६ फेब्रुवारी, रविवार

हे सकाळीच बाहेर गेले. शेजारणीला म्हटलं, मोकळी हवा हवीय, कॉलेजच्या मैदानाशी सोड. वॉकर घरी, हातात काठी.

मैदानावर मुलंच मुलं. भाऊ शिट्टी फुंकतायत, पोरं खिदळत पळतायत. मला पाहून स्वतः खुर्ची आणून दिली. "वहिनी, सरावाला आलात की काय?" मी हसले. हसू आलं, ते कसं आलं कोण जाणे.

पाणी प्यायला आलेल्या दोघींना सहज विचारलं, ती लाल बूटवाली दिसत नाही?

"ती येतच नाही आता. भाऊ म्हणाले, ती आळशी झाली."

तिचं नाव सांगितलं, शाळाही सांगितली. एवढं सोपं होतं. इथे मात्र लिहीत नाही.

मी उठणार, तेवढ्यात शिट्टी झाली, मुलं पांगली. आणि भाऊंचा आवाज आला, "तू थांब गं, तुझं स्ट्रेचिंग कच्चं आहे." सात-आठ वर्षांची, दोन शेंड्या, एका बुटाची नाडी सुटलेली. बाकीच्या गेल्या. भाऊ तिला घेऊन प्रेक्षकांच्या पायऱ्यांमागे निघाले. किल्ली काढून घेतली होती. मैदान कुठे काढून घेतलं होतं?

ओरडावं? काय म्हणून? मी काठी आपटत त्यांच्या दिशेने निघाले आणि वर्गात घालते तशी हाक घातली, "ए छोटी! इकडे ये. मला गेटपर्यंत धर जरा, पाय ठणकतोय माझा."

मुलगी ताबडतोब वळली. बाईंचा आवाज होता ना.

"वहिनी, मी सोडतो ना तुम्हाला," भाऊ म्हणाले.

"तुम्ही नको. तुमच्या चालीला माझी चाल जुळायची नाही."

ते हसले. डोळे हसले नाहीत. मी पोरीचा हात धरला तो गेटजवळच्या बाकापर्यंत सोडला नाही. इतकी सरळ मी ऑपरेशननंतर पहिल्यांदाच चालले असेन.

बाकावर किती प्रश्न ओठांवर आले. पण प्रशिक्षणात तेही सांगितलं होतं: मुलाला खोदून विचारायचं नाही, त्याच्या तोंडात शब्द घालायचे नाहीत. जिला शेजारच्या घरातली फोडणीही विचारल्याशिवाय राहवत नाही, ती मी गप्प बसले. पोरीने पडलेल्या दाताची खिंड दाखवली, मी टाक्यांची खूण दाखवली. तिचे वडील आल्यावर त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "मी शिक्षिका आहे. हिला या मैदानावर पाठवू नका. का ते लवकरच कळेल तुम्हाला."

मग त्यांनी लेकीला कडेवर घेतलं. एवढी घोडी झालेली असून.

१६ फेब्रुवारी, दुपार

हे जेवायला आले तेव्हा पायऱ्यांमागचं सांगितलं.

"अगं, स्ट्रेचिंग असेल खरंच."

"असेल. ते पोलीस ठरवतील. फोन तुम्ही करता की मी करू?"

ताट बाजूला सारलं. "गुरुवारी मंडळाची बैठक आहे. चार दिवस थांब."

"चार दिवस भाऊ थांबतील?"

"तुला कळतंय का, यात मीसुद्धा येतो? मला कळलं होतं. पहिला प्रश्न मलाच विचारतील."

"कळतंय."

हे उठले, हात धुतले. मग चपला घालून बाहेर गेले. दार आपटलं नाही, हळूच ओढून घेतलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

मी हेल्पलाइनला फोन लावला. वाटलं होतं नाव, पत्ता, पुरावा विचारतील. तिकडच्या बाईने पहिलं काय विचारलं, तर "मूल आत्ता सुरक्षित आहे का?"

इतक्या सगळ्यांनी इतकं सगळं विचारलं, हे कुणी विचारलं नव्हतं. मला बोलायला वेळ लागला. "थांबते मी," ती म्हणाली, "सावकाश सांगा."

१८ फेब्रुवारी

पोलीस अधिकारी घरी आली होती, साध्या कपड्यांत, माझ्या भाचीच्या वयाची. गुडघेवालीलाही बोलावून घेतलं. कडी, बूट, पळणं, तिने सगळं सलग सांगितलं.

मग अधिकारी माझ्याकडे वळली. "तुमच्या मिस्टरांना हे कधी कळलं?"

हे आतल्या खोलीत. दार उघडं होतं. खुर्ची करकरली ते मला ऐकू आलं, म्हणजे माझं बोलणं त्यांना ऐकू जात होतं.

"आठवत नाही" म्हणता आलं असतं. एवढा संसार केला, एवढी सवलत माणसाला असावी, असं वाटून गेलं.

"तीन तारखेला," मी म्हटलं. "याच घरात."

ती गेल्यावर आम्ही दोघं चहा प्यायलो. एकमेकांकडे न बघता.

२० फेब्रुवारी

भाऊंना काल नेलं. कॉलेजने सूचना फलकावर लावलं: मुलांचं रविवारचं धावण्याचं शिबिर "काही कारणास्तव" बंद.

सकाळपासून फोन. माझी सख्खी जाऊ म्हणाली, "घरचं माणूस असं घरावर उलटतं का?" मी विचारलं, "तुझ्या नातीला पाठवली असतीस का त्या मैदानावर?" तिने फोन ठेवला.

हेल्पलाइनच्या बाईचा फोन आला, लाल बूटवालीच्या आईशी बोलली म्हणे. मुलगी आईजवळ बोलायला लागलीय. थोडं थोडं. बाकी मला सांगता येत नाही म्हणाली, आणि मी विचारलंही नाही.

२२ फेब्रुवारी

गुडघेवाली आली. कंत्राटाचं काय होणार माहीत नाही, म्हणाली. आणि माझा गुडघा असा दाबला की डोळ्यांपुढे काजवे. "काकू, उद्यापासून जिना."

हे अजून माझ्याशी कामापुरतंच बोलतात. आज मात्र विचारलं, "ठाण्यात किती वाजता असतात गं त्या बाई?"

२४ फेब्रुवारी

हे आज स्वतःहून जाऊन जबाब देऊन आले. बाहेरचे कपडे न बदलताच माझ्यासमोर बसले.

म्हणाले, गुडघेवाली पहिली नव्हती. काही वर्षांपूर्वी एका मुलीचे वडील ऑफिसात आले होते. भाऊंबद्दलच. "तेव्हाही मी वर कळवलं. ते पुन्हा आले नाहीत. मला बरं वाटलं."

"आणि मुलगी?"

"आमच्याच कॉलेजात आहे आता. पहिल्या वर्षाला. रोज सकाळी गेटवर मला नमस्कार करते." मग म्हणाले, "मीही करतो."