मधली पिन

मंगळवार, १२ मार्च
दुकानातून, दुपारी

प्रिय चिमे,

अनेक आशीर्वाद. तू बरी असशील. मीही बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण त्यांचं कोण मनावर घेतं!

हे गेल्यावर यांचं वायरलेसचं दुकान मी विकलं नाही, म्हणून तू अजून रागावलेली आहेस. दीड वर्षं माझा फोन उचलत नाहीस. म्हणून हे पत्र आणि सोबतचा डबा बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतेय.

यांनी मला अँटेनाचे कनेक्टर ओळखायला शिकवलं, तेव्हा नर-मादी म्हणताना मी लाजायचे. "अगं, तुझ्या शाळेच्या मदर सुपीरियर काही खिडकीत उभ्या नाहीत," असं हे चिडवायचे. मग एकच धडा घोकून घेतला : "आटे बघून ठरवू नकोस, आटे फसवतात. मध्ये पिन आहे की भोक, ते बघ."

शनिवारी तुझा लेक आला होता. तुला सांगितलं नसेल त्याने. बोटीवरचा वायरलेस घेऊन आला होता, नवी अँटेना हवी होती. मी बसवून दिली. आटे घट्ट बसले. म्हणाला, "मावशी, एकदा चालू करून बघू या?" मी म्हटलं, "काकांच्या दुकानात पारख करतोस होय रे?" बिचारा ओशाळला, न बघताच घेऊन गेला.

आज त्याच पाकिटातली दुसरी काढली. बोटाला पिन लागेना. सुई घालून पाहिलं, भोक! वायरलेसलाही भोकच आहे, चिमे. बाहेरून घट्ट, आत काहीच जोडलेलं नाही. बोलायचं बटण दाबलं तर वायरलेसच जळायचा.

शनिवारी मला ते दिसलं नाही. दुकान विक म्हणून भांडताना "दिसतं तरी का तुला?" असं तू विचारलं होतंस. मी खोटं बोलले होते. डावा डोळा तर गेलाच आहे. स्वतःच आले असते, पण बसची पाटी आता वाचता येत नाही.

त्याचा फोन लागत नाही. गुरुवारी पहाटे बोट सुटेल. डब्यातली अँटेना बरोबर आहे. शेजारच्या शिंप्याकडून पिन बघून घेतलीय, माझ्या भरवशावर नाही. तू धक्क्यावर जा. शनिवारची काढायला लाव, ही बसवायला लाव आणि त्याला कुणाशी तरी बोलू दे. पलीकडून उत्तर आल्याशिवाय दोर सोडू देऊ नकोस.

मग मला फोन कर. शिव्या घाल, पण कर.

फोनजवळून न हललेली,
तुझी ताई