भिंतीतलं भोक

झोल्दो, इटली, २६ फेब्रुवारी

चि. निवेस हिस आईचे अनेक आशीर्वाद.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर मला शब्द चटकन सापडत नाही, मग तू गप्प होतेस, आणि तुझं ते गप्प होणं मला ऐकू येतं. कागदाला घाई नसते.

खोली तापवायच्या शेगडीतून धुराचा वास येतो. नोव्हेंबरपासून घसा कोरडा करून सांगते आहे. तुझा भाऊ तुलियो येतो, दोनदा हुंगतो, वासबिस काही नाही म्हणतो आणि कोट न काढताच निघून जातो. परवा तुलियो एका माणसाला घेऊन आला. मला वाटलं, शेगडीवाला असेल. निघाला डॉक्टर. त्याने मला आज वार कोणता ते विचारलं, शंभरातून सात-सात कमी करायला लावले. मी म्हटलं, एकोणऐंशी वर्षं या वजाबाकीवाचून माझं अडलं नाही, तुम्ही धुराचं बोला. तर तो म्हणाला, या वयात नसलेले वास येतात. तेही मला नाही, तुलियोला सांगितलं. मी समोर बसलेली असताना.

ईस्टर झाला की मला खालच्या वृद्धाश्रमात ठेवायचं तुलियोने ठरवलंय. खोलीला छान खिडकी आहे म्हणे. माझ्या घराला सात आहेत. डोकं दुखतं, जेवताना डुलकी लागते, सुपात मीठ दोनदा पडलं, हे सगळं कबूल. पण हे नाक जन्मभर चुलीपुढे बसलेलं आहे. ते खोटं बोलत नाही. निदान तू तरी माझ्या बाजूने उभी राहा.

जावयांना आशीर्वाद सांग. रागाच्या भरात लिहिलंय, पण तुझ्यावर नाही.

तुझी आई,
एर्मिनिया

हाइलब्रॉन, जर्मनी, ३ मार्च

ती. आईस सा. न. वि. वि.

आइस्क्रीमचं दुकान सोमवारी उघडलं. बाहेर बर्फ पडतोय आणि ही जर्मन माणसं कानटोप्या घालून रांगेत उभी आहेत. तुझं पत्र वाचलं आणि मी पिस्त्याच्या अख्ख्या घाण्यात साखर घालायची विसरले. मला मात्र कुणी आज वार कोणता ते विचारलं नाही.

तुला येतो तो वास खरा आहे असं धरूनच चालू या. शेगडी गार असताना तिच्या दारात कागदाची पट्टी ठेवून दार लाव आणि पट्टी ओढ. अलगद निघाली तर दाराच्या कडेची, धूर अडवणारी दोरी झिजली आहे. पाइपाच्या सांध्यांवर काजळी दिसते का ते बघ. शेगडीत जाळायच्या लाकडाच्या गोळ्या ओलसर तर नाहीत ना? आणि वास नेमका कधी येतो ते वहीत लिहून ठेव, म्हणजे तुलियोच्या नाकापुढे धरता येईल.

त्यालाही आज पत्र टाकते आहे. ते इतकं गोड नाही. तुझ्या घरातून तुला कोण हलवतं ते मी बघते.

तब्येतीला जप. माया आहेच, ती वेगळी लिहीत नाही.

तुझी,
निवेस

झोल्दो, १२ मार्च

ती. निवेसताईस तुलियोचा नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. मी आईला जिवंतपणी पुरायला निघालोय, हे वाक्य तू बहुधा एका हाताने आइस्क्रीम विकता विकता लिहिलंस. वर्षाचे आठ महिने तू तिकडे असतेस. कामावरून सुटल्यावर रोज आईकडचा तो चढ चढतो मी.

तुझ्या सगळ्या परीक्षा घेऊन झाल्या. आईने चर्चचं पत्रक दारात अडकवलं. पत्रक फाटलं पण निघालं नाही. सांधे कोरडे आहेत, गोळ्या कोरड्या आहेत, राख मी दर शनिवारी काढतो. आता तिच्या वहीत काय आहे ते ऐक. वास येतो कधी, तर सातूचं सूप शिजत असताना, गॅसवरचा वाफ ओढणारा पंखा लावला की. पंख्याने वास जातो की येतो? हे मी डॉक्टरला दाखवू?

तिच्यासाठी मी काय केलं नाही? खिडक्या नव्या बसवल्या, दुहेरी काचांच्या, सुईएवढी फट नाही. पायाला गार वारा लागतो म्हणून तिची रोजची कुरकुर, तर नोव्हेंबरात शेगडीमागचं भिंतीतलं भोकसुद्धा फोम मारून बंद करून दिलं. तरी वाईट मीच.

आणि एक. वृद्धाश्रमाच्या अर्जावर जानेवारीत माझ्या सहीखाली तू सही केलीस. आईपुढे मी तुझं नाव घेतलेलं नाही. यापुढे पत्र लिहिताना तेवढं लक्षात असू दे.

भाचरांना गोड पापा. रागावलो तरी भाऊ तुझाच आहे.

तुलियो

झोल्दो, २५ मार्च

चि. निवेस हिस आशीर्वाद.

तुलियोचं पत्र मिळताच तू फोन केलास, शेगडी बंद करून सगळ्या खिडक्या उघडायला लावल्यास आणि धुराडी साफ करणाऱ्या सिस्तोला पाठवलंस. त्याने आधी खिडक्या लावल्या, शेगडी पेटवली, मला सूप चढवायला सांगितलं आणि पंखा चालू केला. सूप उकळायच्या आत त्याच्या हातातलं विषारी वायू मोजायचं यंत्र किंचाळायला लागलं. पंखा घरातली हवा बाहेर फेकतो, तेवढी हवा कुठून तरी आत यायला हवी. ते भोक त्यासाठीच होतं. ते बुजल्यावर हवा शेगडीतूनच उलटी यायला लागली, धूर आणि विष घेऊन. नाताळात तुम्ही सगळे होता, दार सारखं उघडत होतं, म्हणून तेव्हा वास लागला नाही.

मग त्याने विचारलं, डोकं दुखतं का, डुलक्या येतात का, विसरायला होतं का. मी हो हो म्हणत गेले आणि तो टोपी काढून खाली बसला. त्या विषाला स्वतःचा वास नसतो म्हणे. धुराचा आला म्हणून मी वाचले.

तुलियोला त्याने माझ्यादेखत झापलं. तुलियो जमिनीवर पालथा पडून फोम खरवडत राहिला. रडत होता. मी त्याला पाणी विचारलं नाही. गार वाऱ्याची कुरकुर माझीच होती, हेही अजून त्याला बोलले नाही.

दहा दिवसांत डोकं एकदाही दुखलं नाही. काल बसने एकटी वृद्धाश्रमात गेले, खोली दुसऱ्या कुणाला द्या म्हणून सांगायला. तिथल्या बाईंनी अर्ज बाहेर काढला. दोन सह्या. तुझी मला लांबून ओळखू येते. तारीख नऊ जानेवारी. त्या दिवशी तू माझ्याकडे जेवायला होतीस. दोनदा वाढून घेतलंस.

मला वेड लागलंय असं तुलियोने माझ्या तोंडावर सांगितलं. तू मात्र, तुला कोण हलवतं ते बघते, असं लिहिलंस. जीव तुझ्यामुळे वाचला हेही खोटं नाही, आणि म्हणूनच हा राग कुठे ठेवू ते कळत नाही.

तो अर्ज मी मागून आणलाय. ऑक्टोबरात दुकान बंद करून आलीस की आधी माझ्यासमोर बसायचं आणि सही करताना मनात काय होतं ते सांगायचं. सगळं ऐकायला आता माझं डोकं ठिकाणावर आहे.

माया कमी झालेली नाही. झाली असती तर इतकं लिहिलं नसतं.

तुझी आई